दगडातल्या नेच्याचे नाव

स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने नावाचा सपाट, शेतीचा प्रांत आहे. १९६०च्या दशकात तिथल्या कोर्सारोड या ठिकाणी एका शेतकऱ्याला ज्वालामुखीच्या चिखलापासून बनलेल्या खडकात एक जीवाश्म सापडला. एका वनस्पतीचे खोड दगड होऊन बसले होते, लांबी जेमतेम काही सेंटिमीटर. तो स्टॉकहोमच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाकडे गेला आणि तिथे चाळीसेक वर्षे तसाच राहिला. २०१४च्या मार्चमध्ये मात्र त्याची बातमी जगभर झाली.

कारणही तसेच होते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या या खोडाच्या पेशींमध्ये केंद्रके जशीच्या तशी दिसत होती. काही पेशी तर विभाजन होत असतानाच गोठल्या होत्या आणि त्यांतली गुणसूत्रेही ओळखता येत होती. एरवी झाड मेले की पेशींच्या आतले सगळे फार लवकर सडून जाते. इथे ज्वालामुखीचा चिखल अंगावर आला आणि क्षारांनी भरलेले गरम पाणी खोडात शिरले. आवळ्याच्या मुरब्ब्यात पाक फोडीच्या आतपर्यंत भिनतो, तसा चुना पेशीपेशीत भिनला आणि तिथेच घट्ट झाला. हे इतक्या झटपट झाले की सडायला वेळच मिळाला नाही.

बेंजामिन बोमफ्लूर, स्टीफन मॅक्लॉक्लिन आणि विवी वायदा या शास्त्रज्ञांनी त्या केंद्रकांची मापे घेतली आणि आज जिवंत असलेल्या एका नातलग नेच्याच्या केंद्रकांशी ताडून पाहिली. मापे जुळली. याचा अर्थ, या घराण्याच्या पेशीतील जनुकीय सामग्रीचा एकूण आकार १८ कोटी वर्षांत बदललेला नाही. (यातून डीएनए मिळाला असा गैरसमज नको. )

वर्तमानपत्रांनी गुणसूत्रांवर मथळे दिले आणि विषय तिथेच संपला. मला विचाराल तर खरे अवघड काम पुढच्या वर्षी झाले. हा नेचा नेमका कोणता? आज आहे तोच, की वेगळा?

नेचा म्हणजे काय हे मुलांना शिकवताना मी पावसाळ्यात विहिरीच्या कडेला उगवलेले एखादे पान वर्गात नेते. पान उलटे केले की मागे तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतात. दरवर्षी कोणीतरी म्हणतेच, "टीचर, याला कीड लागली आहे!" ती कीड नसते, बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके असतात. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. तो या बीजाणूंवरच वाढतो. त्यामुळे नेचा ओळखण्याची पहिली खूण पानाची मागची बाजू.

नुसत्या पानाच्या आकारावर भरवसा ठेवला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. चंद्रपूर आणि नागपूरच्या कोळसापट्ट्यातील खडकांत जिभेच्या आकाराची पाने सापडतात. १८२८ मध्ये फ्रान्सच्या ब्रोन्यार यांनी भारत आणि ऑस्ट्रेलियातील अशा पानांना ग्लॉसोप्टेरिस हे नाव दिले. त्याचा अर्थच जिभेसारखा नेचा. पुढे शंभराहून अधिक वर्षे उलटल्यावर, १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी पानांना चिकटलेले प्रजननाचे अवयव दाखवले आणि हे झाड बिया धरणाऱ्यांपैकी निघाले. नेचा नव्हताच तो! नाव मात्र अजून नेच्याचेच आहे, कारण नियमाने दिलेले पहिले नाव केवळ अर्थ चुकला म्हणून बदलत नाहीत.

स्वीडनच्या दगडात तर पानही नव्हते. होते फक्त खोड आणि त्याभोवती दाटीने चिकटलेले देठांचे बुडखे. सुदैवाने हा नेचा ऑस्मुंडाच्या, म्हणजे राजनेच्याच्या घराण्यातला होता आणि या घराण्याची ओळख खोडातूनच पटते. केळीचा खांब आडवा कापला की आत एकाला एक लपेटलेले देठ दिसतात ना? राजनेच्याचे खोड कापले की साधारण तसेच दृश्य दिसते. मधोमध खोड आणि भोवती देठांची वर्तुळे. प्रत्येक देठात इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, पाणी वाहून नेणारी नळी. तिच्याभोवती कठीण पेशींचे कडे आणि देठाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ पंखांत कठीण पेशींचे लहानमोठे ठिपके. हे ठिपके किती, कुठे आणि कोणत्या आकाराचे, यावरून जाणकार एक जात दुसरीपासून वेगळी काढतात.

बोमफ्लूर, मॅक्लॉक्लिन आणि गुइडो ग्रिम यांनी ही लक्षणे आजच्या आणि दगडातल्या ज्ञात नातलगांशी एकेक करून ताडली. एकाही जातीशी सगळी जुळेनात. नवी जात ठरवायची तर आणखी काही गोष्टी लागतात : ती इतरांपासून कशात वेगळी हे शब्दांत लिहावे लागते, चित्र द्यावे लागते आणि एक नमुना कायमचा साक्षीदार म्हणून संग्रहालयात ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर तो पुन्हा पाहता येईल. इथे नमुना एकच होता. तोच साक्षीदार ठरला. २०१५ मध्ये नाव जाहीर झाले : ऑस्मुंडा पुल्चेला. पुल्चेला म्हणजे लॅटिनमध्ये गोजिरी.

या नावामागे एक जुना तंटा होता. या घराण्यात दालचिनीच्या रंगाचे बीजाणू-देठ असलेला एक नेचा आजही अमेरिकेत आणि पूर्व आशियात वाढतो. डीएनए सांगतो की तो इतर राजनेच्यांपासून फार पूर्वीच वेगळा झाला. त्याच्या खोडाची ठेवण मात्र त्याला ऑस्मुंडाच्या अगदी जवळ बसवते. कोणाचे खरे मानायचे? पुल्चेलाच्या खोडात दोन्हींची लक्षणे एकत्र सापडली. दोन चुलत भावंडांचे नाक सारखे असले म्हणून ती सख्खी ठरत नाहीत. दोघांनी ते दादांकडून घेतलेले असते. खोडातले साम्यही असेच दूरच्या पूर्वजाकडून दोन्ही शाखांत उतरले असावे, असे मानले की डीएनए आणि दगड यांचे भांडण मिटते.

राजनेचे आपल्या देशातही आहेत, हिमालयात आणि निलगिरीच्या ओढ्यांकाठी.

२०१६ मध्ये बोमफ्लूर आणि मॅक्लॉक्लिन यांनी त्याच दगडावर आणखी एक लेख लिहिला, या वेळी नेच्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर. खोडाच्या अंगावर एक चिमुकली दुसरी वनस्पती वाढत होती. आत बुरशीचे धागे होते. आणि देठांत बारीक बोगदे होते, त्यांत अतिसूक्ष्म गोळ्यांचे ढीग. ती आपल्या मातीत आजही असणाऱ्या कोळीवर्गातल्या किड्यांची विष्ठा होती. या नेच्याला खरोखरच कीड लागलेली होती.