फुकट कोणता, पैशाचा कोणता?

जत तालुक्यात रात्री कुणाला साप चावला, की आधी फोनमधल्या बॅलन्सची चौकशी होते. त्यात वेळ घालवू नये. १०८ मोफत आहे. २०१४ पासून ही रुग्णवाहिका राज्यभर धावते. गरोदर मातेसाठी १०२, सल्ल्यासाठी १०४, तेही मोफत. १८०० ने सुरू होणारे क्रमांकही फुकटच. १८६० मात्र फसवा: दिसायला तसाच, पण पैसे फोन करणाऱ्याचे जातात, ताटकळत ऐकलेल्या संगीताचेसुद्धा.

उमदी, संखकडे आणखी एक गोम आहे. फोनने सीमेपलीकडचा टॉवर पकडला, तर १०८ कर्नाटकातल्या केंद्रात लागू शकतो. तेव्हा घाबरून फोन ठेवू नये. महाराष्ट्र, जिल्हा सांगली, तालुका जत, मग गाव, असे आधी सांगावे. जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.