तिसऱ्या फेरीचा बैल

यात्रांच्या हंगामात फलटण, माण, खटाव, आटपाडी या पट्ट्यात शर्यतीच्या बैलांना कुणी नुसते बैल म्हणत नाही. त्यांना नावे असतात, यूट्यूबवर चाहते असतात. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात बकासूर आणि महिब्या या जोडीने थार गाडी जिंकली. ती चालवण्याची हौस अर्थातच मालकांनी भागवायची. बैलांना पेंड मिळाली तरी पुष्कळ.

पुणे जिल्ह्यातल्या घाटात गाडा घड्याळाशी झुंजतो. सातारा-सांगलीकडे दोन बैल, हलका छकडा, त्यावर एक ड्रायव्हर आणि शेजारच्या चाकोऱ्यांतून सुटलेल्या इतर जोड्या असा मामला असतो. आधी गट, मग सेमी, मग फायनल. म्हणजे बक्षिसापर्यंत पोचणारी जोडी एकाच दिवसात तीनदा पळते, आणि खरी परीक्षा त्या तिसऱ्या फेरीला होते.

तिथे जाणता बैल उठून दिसतो. नवा खोंड गर्दीला बुजतो, चाकोरी सोडतो, पहिल्याच फेरीत सगळी ताकद उधळून बसतो. चार-पाच हंगाम काढलेल्या बैलाला मैदान ठाऊक असते. म्हणूनच कच्च्या खोंडाच्या जोडीला जुना बैल जुंपतात. खोंड त्याच्या कडेने पळायला शिकतो.

पण बैल इतके हंगाम टिकला, याचे निम्मे श्रेय ड्रायव्हरला द्यायला हवे. शेपूट पिरगाळून, चावून, खिळा टोचून किंवा शॉक देऊन बैल एकदा जोरात पळवता येतो. दुसऱ्या वेळी तो छकडा दिसताच बिथरतो. कासऱ्यावर आणि आवाजावर बैल काढणारा ड्रायव्हर निशाणापलीकडे त्याला झटक्यात थांबवत नाही, हळूहळू वेग उतरवतो. मग जू काढून त्याला फिरवतात, धाप बसली की पाणी दाखवतात. सेमीत बैल लंगडताना दिसला तर फायनल सोडून देणे हे त्याहून अवघड काम, कारण मागे मालक, गाव आणि मोबाइलवर मैदान बघणारे हजारो लोक असतात.

या सगळ्याला कायद्याची चौकट अलीकडे आली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. बैल हा घोड्यासारखा शर्यतीचा प्राणी नाही, तो भीतीपोटी पळतो, असे त्या निकालाचे म्हणणे होते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयात ती अडकली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे परिसरात पोलिसांचा बंदोबस्त चुकवून आमदार गोपीचंद पडळकरांच्या पुढाकाराने पहाटेच शर्यत उरकली गेली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली.

आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नको, पशुवैद्यकाची तपासणी हवी. काठी, चाबूक, विजेचा शॉक वर्ज्य. बैलाचा छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात छकड्यावरच्या माणसाच्या मुठीत काय लपले आहे, हे धुरळ्यात पंचालाही दिसत नाही. प्राणिमित्र संघटनांचा विरोध यामुळेच मावळलेला नाही, आणि तो उडवून लावण्यासारखाही नाही.

वयाचे काय? इथे दात बघून आदत, दुसा, चौसा असे गट पडतात. ही सोय तरुणांची. दात जुळलेला बैल सरळ खुल्या गटात, मग तो सहा वर्षांचा असो की बारा. अमेरिकेत दोन चाकांची गाडी ओढत पळणाऱ्या घोड्यांच्या शर्यती आहेत. तिथे पंधराव्या वर्षी घोड्याला मैदान बंद होते. ‘फॉइल्ड अगेन’ हा घोडा १०९ शर्यती जिंकून २०१८ अखेर या नियमानेच निवृत्त झाला. दमला की नाही, हे मालकाने ठरवायचे शिल्लकच राहिले नाही.

आपल्याकडे नावाजलेला वळू निवृत्तीनंतर पैदाशीला उपयोगी पडतो, म्हणून त्याचे म्हातारपण बरे जाते. बिननावाच्या बैलाचे तसे नाही. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे तो गोठ्यात राहतो, गोशाळेत जातो किंवा बाजारात हात बदलत राहतो. सांगलीत २००३ पासून काम करणारी ‘ॲनिमल राहत’ ही संस्था थकलेल्या बैलांना आसरा देते, पण एका संस्थेच्या दावणीला किती बैल मावणार? मैदानाला परवानगी देतानाच बैलाचे वय नोंदवून वरची मर्यादा घालावी आणि बक्षिसाच्या रकमेतला थोडा वाटा निवृत्त बैलांच्या चाऱ्यासाठी बाजूला काढावा, एवढे तर यात्रा कमिट्यांना जमण्यासारखे आहे. जिथे बक्षिसाला थार ठेवता येते, तिथे कडब्याची गंजी महाग पडू नये.