बिऱ्हाड हलवताना

बिऱ्हाड हलवायचे म्हणजे घरात केवढी गडबड! हंडे, कपाट, गाद्या, पाटा-वरवंटा, देवघर. पूर्वी सारा संसार दोन बैलगाड्यांत मावत असे. गाडीवानही गावचाच. तो सामान घेऊन कुठे जाणार? आता टेम्पो किंवा ट्रक लागतो. तो परगावाहून येतो. गाडीवाल्याला आपण ओळखत नसतो.

आमच्या ओळखीच्या एक आजी गाव सोडून नाशिकला मुलाकडे निघाल्या. फोनवरच गाडी ठरली. भाडे सहा हजार रुपये. इतरांपेक्षा स्वस्त, म्हणून आजी खूष झाल्या. सामान भरून गाडी पुढे गेली. आजी एस.टी.ने निघाल्या. वाटेत गाडीवाल्याचा फोन आला.

"आजी, सामान लई निघालं. जिना चढवायचे पैसे वेगळे. आणखी चार हजार द्या, नाहीतर माल इथंच उतरवतो."

आता काय करणार? सगळा संसार त्याच्या हाती! मुलाने पैसे दिले. सामान उतरले, तर तांब्याचा बंब नाही. गाडीवाला म्हणतो, "बंब होताच कुठं?" बंब होता हे आजींना ठाऊक. पण कागदावर कुठे होता?

आजींना लिहिता येत होते बरे का! पण घाईत कोणी कागद घेतलाच नाही.

म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी भाडे विचारावे. नुकतेच बिऱ्हाड हलवलेल्या माणसाला विचारावे, "तुमचं सामान नीट पोचलं का?" जमल्यास गाडीवाल्याचे दुकान किंवा गोदाम पाहून यावे. सामान न बघताच भाडे सांगतो, त्याचे भाडे वाटेत वाढते. चांगला माणूस घरी येतो, सामान पाहतो आणि जिना किती मजल्यांचा तेही विचारतो. गाडीची नंबराची पाटी वाचा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी, अक्षरे पिवळी. पांढरी पाटी खाजगी गाडीची. ती भाड्याने घेऊ नका.

मग पावती मागा. तिच्यावर काय हवे? गाडीवाल्याचे नाव, पत्ता, गाडीचा नंबर, कुठून कुठे जायचे, एकूण भाडे. हमाली आणि जिन्याचे पैसे त्यातच आहेत का, तेही लिहून घ्या. "विश्वास ठेवा की!" असे म्हणून कागद टाळणाऱ्याला दुरून नमस्कार करावा. सगळे पैसे आधी देऊ नयेत. थोडी इसार रक्कम द्यावी, बाकीचे सामान उतरल्यावर.

सामानाची यादी आपणच करावी. प्रत्येक गाठोड्यावर आकडा घालावा. १ भांडी, २ अंथरुणे, ३ बंब. यादीच्या दोन प्रती करून दोन्हींवर गाडीवाल्याची सही घ्यावी. एक त्याच्याकडे, एक आपल्याकडे. दागिने, रोकड, सातबारा, रेशनकार्ड आणि मुलांचे शाळेचे दाखले मात्र गाडीत घालू नका. ते आपल्या पिशवीत ठेवा.

सामान उतरताना आकडे मोजा. काही फुटले असेल, हरवले असेल, तर गाडीवाल्याच्या कागदावर तसे लिहा आणि मगच सही करा. तो घाई करील. करू द्या.

रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी 2007 सालचा कायदा आहे. हा धंदा करणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि मालाची पावती द्यावी लागते. माल हरवला किंवा मोडला, तर गाडी ठरवल्यापासून 180 दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस दिली नाही तर पुढे दावा चालत नाही. सामान मोलाचे असेल तर त्याची किंमत आधीच कागदावर नोंदवावी. त्यासाठी भाडे थोडे जास्त पडते, पण भरपाईही जास्त मिळू शकते. गाडीवाला दाद देत नसेल, तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहकांसाठी 1915 हा फोन नंबर आहे. फोन करताना पावती आणि यादी हाताशी घेऊन बसा.