एक कुंडीही शेतीच

मुंबईच्या उपनगरांत जागा थोडी आणि बागेची हौस मोठी. अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, कोणत्याही सोसायटीच्या आवारात उभे राहून वर पाहावे. खिडक्यांच्या ग्रिलमधून तुळस, ओवा, कढीपत्ता, गवती चहा, मनीप्लँट अशी हिरवाई डोकावताना दिसते. अलीकडे या हौसेत एक वेगळाच प्रश्न शिरला आहे आणि तो बहुधा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून येतो: ‘गांजाचे एकच रोप कुंडीत लावले, तर बिघडले कुठे?’

असा प्रश्न आला की घरात दोनच गोष्टी होतात. एकतर आई-वडील अंगावर धावून जातात, नाहीतर हसण्यावारी नेतात. दोन्हींनी मुलाच्या हाती काहीच लागत नाही. वास्तविक प्रश्न सरळ आहे, त्याला उत्तरही सरळ दिले पाहिजे. मुले जे मुद्दे मांडतात ते साधारण तीन असतात. पहिला, एकच तर रोप आहे, आम्ही थोडेच विकणार आहोत? दुसरा, महाशिवरात्रीला आणि होळीला भांग चालते, मग तिचे झाड का चालू नये? आणि तिसरा, कॅनडात काकांकडे लोक घरात लावतात, मग आपल्याकडेच एवढा बाऊ कशाला? एकेक मुद्दा क्रमाने पाहू.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडे नव्हेत. झाड एकच, वनस्पतिशास्त्रात त्याला कॅनाबिस म्हणतात. पानांची होते ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याच्या शेंड्यांचा होतो तो गांजा आणि झाडाच्या राळेसारख्या चिकट द्रव्याचा होतो तो चरस. या झाडात नर आणि मादी अशी रोपे सहसा वेगळी असतात. नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी या नावाने ओळखले जाते. इस्रायलमधील रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम आणि त्यांचे सहकारी येहिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना दाखवली. हे द्रव्य सर्वांत जास्त असते ते मादी फुलोऱ्यात. पानांत ते कमी असते, बियांत जवळजवळ नसतेच.

आता पहिला मुद्दा. आपल्याकडे या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. एवढे लांब नाव कोणी घेत नाही, वर्तमानपत्रांतून तो एनडीपीएस म्हणूनच ओळखला जातो. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. २००१ साली त्यात एक मोठा बदल झाला. जवळ सापडलेला माल किती, यावर शिक्षा ठरू लागली. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ मानले जाते आणि वीस किलोंच्या पुढचे ‘व्यापारी’. अल्प प्रमाणासाठी आज जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा आणि कमाल वीस वर्षे.

मुलांच्या कानावर यातले ‘अल्प प्रमाण’ हे दोनच शब्द पडलेले असतात. त्यावरून ती हिशेब मांडतात की एका कुंडीतून निघेल ते मूठभर, म्हणजे गुन्हाही मूठभर. इथेच सगळी गफलत आहे. या पायऱ्या गांजा जवळ बाळगणे, विकणे, नेणे-आणणे यांसाठी आहेत. लागवडीसाठी त्या नाहीत. कायद्याच्या विसाव्या कलमाचा पहिलाच भाग लागवडीचा आहे आणि त्यात ना किलो आहे, ना गुंठा, ना रोपांची संख्या. शिक्षा एकच सांगितली आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. गांजाच्या झाडाची व्याख्याही तितकीच रुंद आहे. कॅनाबिस कुळातले कोणतेही झाड, असे कायदा म्हणतो. म्हणजे नर की मादी, फुलोरा आला की नाही, नशा आणणारे की नाही, यावर व्याख्या अडत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पाऊण किलो गांजा जवळ बाळगणाऱ्याला कमाल शिक्षा एक वर्षाची, आणि गॅलरीत एक रोप वाढवणाऱ्याला कमाल शिक्षा दहा वर्षांची. कमाल म्हणजे तेवढी होईलच असे नाही. न्यायाधीश परिस्थिती पाहून कमी शिक्षा देऊ शकतात. लागवड झाली, म्हणजे कोणीतरी ते झाड लावले व जोपासले, हेही सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते. आपोआप उगवलेल्या झाडाला लागवड म्हणता येत नाही. पण कुंडी, माती, झारी आणि ग्रिलला बांधलेला आधार असला, की ‘आपोआप उगवले’ असे म्हणायला वाव राहत नाही. शिवाय गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. खटल्याचा निकाल काहीही लागो, तोपर्यंत परीक्षा, नोकरी, पासपोर्ट, परदेशी शिक्षण सगळे टांगणीला लागते.

आणखी एक कलम उपनगरांतल्या घरमालकांनी ध्यानात ठेवावे, ते पंचविसावे. आपल्या ताब्यातली जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाराही शिक्षेला पात्र ठरतो. अंधेरी, पवई, गोरेगाव या भागांत कितीतरी फ्लॅट विद्यार्थ्यांना आणि नोकरदार मुलांना भाड्याने दिलेले असतात. गॅलरीत काय वाढते आहे हे माहीत असूनही ‘आपल्याला काय करायचे’ म्हणणे घरमालकाला महाग पडू शकते. हीच गोष्ट आई-वडिलांची.

दुसरा मुद्दा भांगेचा. यात थोडे तथ्य आहे. एनडीपीएस कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती आहे. शेंडे सोबत नसतील तर नुसत्या बिया आणि पाने तिच्यात बसत नाहीत. म्हणून भांगेचा विषय राज्यांकडे राहिला. राजस्थान, उत्तर प्रदेश या राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात ती यामुळेच. आपल्याकडे मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, तिच्यावर परवान्याचे बंधन आहे. पण समजा हे सगळे बाजूला ठेवले, तरी कुंडीचा प्रश्न सुटत नाही. पानांना सूट आहे ती पान म्हणून. पान ज्या झाडाला येते, ते झाड लावायला सूट नाही. वाटीतली भांग आणि कुंडीतले झाड यांना कायदा वेगवेगळ्या मापाने मोजतो.

तिसरा मुद्दा परदेशाचा. तोही खोटा नाही. उरुग्वेने २०१३ साली कायदा करून घरी सहा रोपांपर्यंत परवानगी दिली. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार रोपे चालतात. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला तीन रोपे लावता येतात. या देशांत मराठी घरे पुष्कळ आहेत, तिकडचे फोटो इकडे येतात आणि मुलांना वाटते की जगच बदलले. पण त्या त्या देशाच्या कायद्याने घातलेले आकडे तिथल्याच उंबरठ्यापुरते असतात. टोरांटोतली सवलत टपालाने मुलुंडला येत नाही, बियांचे पाकीट तेवढे येते!

मात्र ‘आपल्याकडे हे झाड पहिल्यापासूनच निषिद्ध होते’ असे जे काही वडीलधारे सांगतात, तेही खरे नाही. इंग्रजांच्या काळात परवान्याने गांजाची शेती होत असे आणि मुंबई इलाख्यात त्यासाठी आजच्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव होते. १८९३ साली सरकारने या विषयावर एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सदस्यांपैकी तीन हिंदी होते. अकराशेहून अधिक साक्षी घेऊन १८९४ मध्ये आयोगाने कित्येक खंडांचा अहवाल दिला. संपूर्ण बंदी नको, लागवडीवर नियंत्रण आणि विक्रीवर कर असावा, असा त्याचा कौल होता. मर्यादित सेवनाने सहसा फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असेही त्याने नोंदवले.

पुढे १९६१ साली अमली पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. औषधी आणि शास्त्रीय कारणांखेरीज गांजाचा वापर पंचवीस वर्षांत थांबवण्याचे बंधन त्यात होते. आपला १९८५ चा कायदा त्याच वाटेने आला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. पण त्यामुळे देशातला कायदा बदलला नाही.

तागासारखा धागा आणि बिया यांसाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कायद्यातच सरकारला आहे. उत्तराखंडाने २०१८ साली तो मार्ग प्रथम खुला केला, तोही ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी असलेल्या वाणांपुरता. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या झाडाच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे २०२१ मध्येच सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने, कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावू द्यावा, असा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. अर्जाची चर्चा खूप झाली, परवानगी मिळाली नाही. कायदा बदलावा असे ज्यांना वाटते त्यांनी तसे जरूर म्हणावे, लिहावे, न्यायालयात जावे. कायदा बदलण्याआधी कुंडी भरणे हा मात्र त्याचा मार्ग नव्हे.

प्रकृतीविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक होते आणि त्यांतल्या ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. म्हणजे घेणारा प्रत्येक जण व्यसनी होतो असे नाही, पण होतात ते थोडेही नाहीत. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. त्या वयात नियमित गांजा घेणाऱ्यांत स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांवर परिणाम दिसतो, आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर धोका आणखी वाढतो. घरात अशी शंका आली तर आरडाओरडा करण्याआधी १४४४६ या शासनाच्या निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर बोलावे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद याच कायद्यात आहे. ती फार थोड्या पालकांना माहीत असते.

मग नव्याने बाग करणाऱ्या मुलाने लावायचे काय? केवळ ‘हे नको’ म्हणून भागत नाही. त्याला त्या नक्षीदार, बोटे पसरल्यासारख्या पानांचेच आकर्षण असेल, तर आपल्या स्वयंपाकघराला ओळखीचे असे एक रोप आहे. ते म्हणजे अंबाडी. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. कॅनाबिनस म्हणजे भांगेसारखी. पानांच्या साम्यावरूनच हे नाव पडले. दोन्हींच्या खोडांपासून वाखही निघतो. अंबाडीचे दोर आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या वळले आहेत. फरक ओळखायला सोपा आहे. अंबाडीचे पान एकच असून कातरल्यासारखे असते, भांगेची पर्णिका सुटी सुटी असते. अंबाडी चवीला आंबट आणि तिचे फूल जास्वंदीच्या घराण्यातले, फिकट पिवळे, मध्ये गडद किरमिजी ठिपका असलेले.

लावायला दहा-बारा इंची कुंडी घ्यावी, तळाशी पाणी जाण्याचे भोक उघडे आहे ना ते पाहावे. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू किंवा नारळाचा भुसा. उपनगरातल्या पावसात माती घट्ट बसते, म्हणून हा भुसा महत्त्वाचा. बी बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल टाकू नये. आठवडाभरात कोंब वर येतात. मग तीन-चार जोमदार रोपे ठेवून बाकीची उपटावीत, ती कोवळी रोपेही भाजीत चालतात. ऊन निदान पाच तास हवे, त्यामुळे पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी उत्तम. पावसाळ्यात रोज पाणी घालायचा मोह टाळावा. बोट मातीत खुपसावे, आत ओल लागली तर झारी बाजूला ठेवावी. हातभर उंची झाली की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. महिना-दीड महिन्यात पहिली खुडणी मिळते.

आणि मग त्या पानांची, डाळ आणि ज्वारीच्या कण्या घातलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी दिलेली भाजी. सोबत गरम भाकरी. एखाद्या शेजाऱ्याने पाने पाहून भुवया उंचावल्याच, तर वाटीभर भाजी त्याच्याकडे पाठवून द्यावी.