‘साठ’ या अंकाचा अर्थ : जुन्या कसरती विमानप्रतिकृतींच्या एंजिनांची निवड

रेडिओनियंत्रित जुन्या कसरती विमानप्रतिकृतीसाठी एंजिन निवडताना त्याच्या नावातील अंकाचा अर्थ प्रथम निश्चित करणे अगत्याचे आहे. परिभाषेच्या अभ्यासकालाही हे उदाहरण उद्बोधक वाटेल. ‘साठ’ म्हणजे ०.६० घन इंच, अर्थात सुमारे १० घन सेंटिमीटर. हा अंक दट्ट्याने सिलिंडरमध्ये व्यापलेल्या आकारमानाचा वाचक आहे, शक्तीचा नव्हे. १९६७ साली जागतिक अजिंक्यपद मिळविणाऱ्या फिल क्राफ्ट यांची ‘क्विक फ्लाय’ ही प्रतिकृती टू-स्ट्रोक ‘साठ’साठीच आखलेली होती.

टू-स्ट्रोक एंजिनात दर फेऱ्यास एकदा ज्वलन होते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांस एकदा. म्हणून त्याच अंकाचे फोर-स्ट्रोक एंजिन दुबळे ठरते व बहुधा ‘नव्वद’ घ्यावे लागते. मात्र एंजिन जड झाल्यास गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि कसरतीतील सफाई जाते.

अंकात न दिसणारी आणखी एक बाब हवामानाची. ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील दमट हवेतील पाणी मेथॅनॉलयुक्त इंधन शोषून घेते व पोलादी बेअरिंगे गंजतात. सबब जुने एंजिन घेताना बेअरिंगे अवश्य तपासावीत. उड्डाणानंतर उरलेले इंधन जाळून संपवावे व आत तेल सोडावे.