संगणकाची खाण आणि घरचे वीजबिल

मॅंगनीजच्या खाणी हे सौंसर तालुक्याचे जुने धन. भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांतून 'सौंसर गट' या नावाने जी खडकांची मालिका ओळखली जाते, तिला ते नाव याच तालुक्यावरून मिळाले आहे. खाण म्हटली की पहार, घमेले आणि घामाने निथळणारी माणसे आपल्या डोळ्यांपुढे येतात. आता मात्र एका निराळ्याच खाणीची वार्ता मोबाइलच्या पडद्यावरून घरोघरी पोहोचली आहे. हिला ना जमीन लागते, ना पहार. एक यंत्र, वीज आणि इंटरनेटची जोडणी एवढ्या सामग्रीवर ती घराच्या माळ्यावर चालते आणि थोड्या भांडवलात घरबसल्या 'बिटकॉइन' नावाचे आभासी चलन मिळवून देते, असे सांगण्यात येते.

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. येथील मराठी घरांत संत्र्याच्या बहाराचा पैसा वर्षातून एकदोनदाच, पण एकरकमी हाती येतो. त्या रकमेवर मुलांची फी, मुलीचे लग्न, विहिरीची दुरुस्ती आणि पुढच्या बहाराचे खत इतक्यांचा हक्क असतो. त्यातले पन्नास हजार 'यंत्रात घालू या' असे घरातील तरुण म्हणू लागला, तर वडीलधाऱ्यांनी काय उत्तर द्यावे? नुसते 'नको' म्हणून भागत नाही. हिशोब मांडून दाखवावा लागतो. तोच येथे मांडण्याचा विचार आहे.

ही खाण म्हणजे काय?

बिटकॉइन ही मुळात एक सार्वजनिक खतावणी आहे. कोणी कोणाला किती नाणी दिली, याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाते. साधारण दर दहा मिनिटांनी या वहीचे एक पान पुरे होते. ते पान बंद करण्याचा मान मिळविण्यासाठी यंत्रांना एक विशिष्ट अंक शोधावा लागतो. त्याला युक्ती नाही. अंदाजामागून अंदाज करीत राहायचे. ज्याचा अंदाज प्रथम जुळेल, त्याला नवी नाणी मिळतात. या अंदाज करण्यालाच 'मायनिंग' म्हणजे खाणकाम असे नाव पडले आहे.

सातोशी नाकामोतो असे टोपणनाव घेतलेल्या अज्ञात व्यक्तीने जानेवारी २००९ मध्ये ही वही सुरू केली, तेव्हा दर पानाला ५० नाणी मिळत. दर चार वर्षांच्या सुमारास हे बक्षीस निम्मे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ नाण्यांवर आले आहे. दिवसाला सुमारे १४४ पाने, म्हणजे साऱ्या जगात मिळून रोज ४५० नाणी निघतात.

येथेच सौंसरच्या खाणीहून या खाणीचा मोठा भेद आहे. मॅंगनीजच्या खाणीत मजूर दुप्पट लावले, तर माल जवळजवळ दुप्पट निघतो. बिटकॉइनच्या खाणीत यंत्रे दुप्पट झाली, तर कोडेच तितके अवघड केले जाते. ४५० नाण्यांची ४५१ होत नाहीत. नवा माणूस आत आला की पूर्वीच्या प्रत्येकाचा वाटा कमी होतो. लहान भांडवलाच्या माणसाने हे सूत्र सर्वांत आधी ध्यानात घ्यावे.

लहान भांडवलाचा हिशोब

२००९ साली घरचा साधा संगणक या कामाला पुरत असे. २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडविलेली यंत्रे बाजारात आली आणि घरचा संगणक निरुपयोगी ठरला. इथेरियम हे दुसरे चलन चित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकी कार्डांवर खणता येई. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने ही पद्धतच सोडून दिली.

आज थोड्या पैशांत मिळते ते जुने, वापरलेले यंत्र. 'अँटमायनर एस ९' हे त्यांतील सुपरिचित. ते सेकंदाला सुमारे १४ लक्ष कोटी अंदाज करते. आकडा ऐकून छाती दडपते खरी. पण साऱ्या जगाची एकत्रित शक्ती २०२५ मध्ये याच्या सात कोटी पटींवर गेली. रोजची ४५० नाणी आणि एका नाण्याचा भाव सढळ हाताने एक कोटी रुपये धरला, तरी ४५० कोटींना सात कोटींनी भागून आपल्या वाट्याला दिवसाला ६४ रुपये येतात.

आता खर्च पाहू. हे यंत्र १,३५० वॅट वीज घेते. चोवीस तासांत सुमारे ३२ युनिट. सर्व आकार धरून युनिटला ८ रुपये मानले, तर रोजचे २५६ रुपये झाले. आवक ६४, जावक २५६! महिन्याला पावणेसहा हजारांची खोट, आणि त्यात यंत्राची किंमत अद्याप धरलेलीच नाही.

शिवाय हे ६४ रुपये अनेकांनी मिळून खणावे आणि शक्तीच्या प्रमाणात वाटून घ्यावे, अशा मंडळात सामील झाल्यावरचे आहेत. एकट्याने नशीब अजमावायचे म्हटले, तर एक पान आपल्या नावे लागण्यास सरासरीने १,३३० वर्षे लागतील.

कोणी म्हणेल, नवे यंत्र घ्यावे. 'एस २१' या नव्या जातीचे यंत्र २०० लक्ष कोटी अंदाज करते आणि ३,५०० वॅट घेते. वरच्याच हिशोबाने दिवसाला ९१४ रुपये आवक आणि ६७२ रुपये वीज. येथे शिल्लक दिसते. पण किंमत लाखांत असल्याने ते लहान भांडवलाचे काम राहत नाही, आणि पुढे कर उभा आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी चलनाच्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसविला. नाणे मिळविण्याच्या किमतीखेरीज अन्य खर्च त्यातून वजा होत नाही आणि खाणकामाच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्या किमतीत धरला जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. पूर्ण ९१४ रुपयांवर कर लागला, तर तो २७४ रुपये होतो आणि दिसणारी शिल्लक पुसली जाते.

वीज कोणाची?

यावर हमखास सुचविला जाणारा उपाय म्हणजे शेतातल्या पंपाची सवलतीची वीज. वाचकहो, या वाटेला जाऊ नये. ज्या कामासाठी जोडणी दिली, त्याखेरीज अन्य कामास ती वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुपटीने आकारणी होते.

दुसरा उपाय छतावरच्या सौर पट्ट्यांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आहे. असा संच आपल्या भागात दिवसाला सरासरी १२ युनिटांच्या आसपास वीज देतो. ती जुन्या यंत्रात घातली, तर २४ रुपयांची नाणी निघतील. तीच घरात वापरून युनिटमागे ७ रुपये जरी वाचविले, तरी ८४ रुपये होतात. ऊन फुकटचे असले, तरी त्यापासून झालेली वीज फुकट घालविण्याजोगी नसते.

यंत्र जेवढी वीज घेते, तेवढीच उष्णता बाहेर टाकते. वैशाखात आधीच भट्टी झालेल्या घरात रात्रंदिवस पेटलेली विजेची शेगडी आणि तिच्या पंख्यांची अखंड घरघर सोसायची कोणी? भूतानने जलविद्युत आणि थंड हवा यांच्या बळावर सरकारी पातळीवर हे खाणकाम केले आहे. ज्याच्या घरी स्वस्त वीज आणि गारवा दोन्ही, त्याचा हा धंदा.

वाटा विकणारे

यंत्र नको, वीज नको, नुसते पैसे भरा, आमच्या खाणीत तुमचा वाटा, असे सांगणारे याहून अधिक धोक्याचे. 'गेनबिटकॉइन' ही योजना याच स्वरूपाची होती. महिना १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा देण्याचे तिचे आश्वासन होते आणि नवे सभासद आणणाऱ्याला दलाली होती. पुणे आणि नांदेड येथे गुन्हे दाखल झाले. योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. देशभरातील प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविली. गोळा झालेली रक्कम सुमारे ६,६०० कोटी रुपयांची असल्याचे अंमलबजावणी संचालनालयाचे म्हणणे आहे. ज्याच्या खाणीतून खरोखरच महिना १० टक्के निघतात, तो आपल्या दारी वाटा विकायला कशाला येईल? एवढा एक प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारला जाता, तर कित्येक घरे वाचली असती.

मग प्रारंभ कसा करावा?

घरातील मुलाची जिज्ञासा मोडू नये. पंधरावीस वॅटवर चालणारी लहान शैक्षणिक यंत्रे मिळतात. त्यांचे वीजबिल महिन्याला शंभर रुपयांच्या आसपास येते. त्यातून नाणे मिळेल ही आशा धरू नये. वही कशी लिहिली जाते, जाळे कसे चालते, हे मात्र शिकता येते. ते ज्ञान पुढे नोकरीधंद्यात उपयोगी पडेल.

परंतु मिळकतीसाठी कोणी यंत्र घेऊ म्हणेल, तर त्याच्या हाती कागद द्यावा आणि चार आकडे मांडायला सांगावे: यंत्राचे रोजचे युनिट, आपल्या बिलातील खरा दर, त्या दिवशीचा जगाच्या शक्तीतील आपला वाटा आणि कर. भाव आणि शक्ती रोज बदलतात, म्हणून हा हिशोब ताज्या आकड्यांनीच करावा. बेरीज उणे आली, तर बहाराचा पैसा बहारालाच द्यावा. संत्र्याच्या झाडाला घातलेले खत निदान आपल्याच शेतात राहते.