आधी पद्धत वाचा, मग आकडा

रक्ताच्या रिपोर्टात ‘अल्ब्युमिन’ या ओळीखाली बऱ्याचदा बारीक अक्षरांत बीसीजी किंवा बीसीपी असं छापलेलं असतं. त्याकडे कुणी पाहत नाही. पाहायला हवं.

अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते फार घटलं की पाय सुजतात. ते मोजताना सीरममध्ये एक रंगद्रव्य मिसळतात. ते अल्ब्युमिनला चिकटलं की छटा बदलते, आणि यंत्र ती छटा मोजतं. बीसीजी म्हणजे ब्रोमोक्रेसॉल ग्रीन. हे द्रव्य अल्ब्युमिनला झटकन चिकटतं, पण नंतर हळूहळू ग्लोब्युलिन गटातल्या काही इतर प्रथिनांनाही चिकटू लागतं, आणि आकडा फुगतो. ब्रोमोक्रेसॉल पर्पल, म्हणजे बीसीपी, जास्त नेमकं आहे. मात्र किडनी निकामी झालेल्यांच्या रक्तात साठलेली काही द्रव्यं त्याची जागा अडवतात आणि आकडा खाली येतो.

हा फरक उपचारापर्यंत पोहोचतो. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजारात अल्ब्युमिन फार घसरलं की रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का, याचा विचार बीसीजीने मोजलेलं अल्ब्युमिन डेसिलिटरमागे 2.5 ग्रॅमच्या खाली गेलं की सुरू होतो. बीसीपीने मोजलं असेल तर ही रेषा 2.0 वर येते. केडिगो या किडनीच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलं आहे.

मग एका पद्धतीवरून दुसरीकडे जाताना लॅबने नवी पद्धत पारखायची कशी? दोन्ही पद्धतींनी तेच नमुने मोजून ‘सहसंबंध 0.98’ म्हणत समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं. एक पद्धत प्रत्येक वेळी अर्धा ग्रॅम जास्त दाखवत असली, तरी सहसंबंध उत्तमच येतो. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नेमकं हेच मांडलं: प्रत्येक नमुन्यातली दोन उत्तरांची वजाबाकी करा, ती त्या दोन उत्तरांच्या सरासरीसमोर आलेखावर मांडा, आणि फरक कुठे वाढतो ते पाहा.

नमुने कुणाचे घेता, यावरही बरंच ठरतं. निदान 40 नमुने घ्यावेत असा प्रघात आहे. पण ते सगळे धडधाकट माणसांचे असतील, तर 4 च्या आसपास दोन्ही पद्धती बऱ्यापैकी जुळलेल्या दिसतील. यकृताचे, डायलिसिसचे, अंगावर सूज असलेले रुग्ण त्यात हवेतच, कारण औषधाचा निर्णय त्यांच्याच आकड्यावर व्हायचा असतो.